हवा निघेपर्यंत

बॉनेट उघडा, पण आत हात घालू नका. गाडी रात्रभर उभी होती. सकाळ आहे, ऊन अजून अंगणात उतरलेलं नाही. या कामाला हीच वेळ बरी. इंजिन पुरतं थंड असताना हात घालायचा आणि ते पुन्हा पुरतं थंड झाल्यावर काम संपलं म्हणायचं. मधला बराचसा वेळ नुसतं पाहण्यात आणि ऐकण्यात जातो. आज कुठे वेळेवर पोचायचं असेल तर बॉनेट लावून टाका. उद्या बघू.

वेळ असेल तर पुढे या. रेडिएटरच्या वरच्या कडेपासून इंजिनाकडे जाणारी जाड रबरी नळी दिसते आहे? गॅरेजमध्ये तिला वरचा होज म्हणतात. तिच्यावर तळहात ठेवा आणि तसाच राहू द्या. गार लागते का? दाबली तर सैल वाटते का? दोन्हींचं उत्तर हो असेल तरच रेडिएटरच्या झाकणाकडे वळायचं. नळी कोमट असली तरी थांबा.

हे थांबणं कशासाठी, ते नीट मनात उतरू द्या. गाडी चालते तेव्हा पाण्याच्या या बंद व्यवस्थेत बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार जास्त दाब असतो. तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. ११० अंशांचं पाणी आत गुपचूप, पाण्यासारखंच असतं. झाकण फिरवलं की दाब एका क्षणात जातो, आणि त्या पाण्यातलं काही त्याच क्षणी वाफ होऊन बाकीच्याला घेऊन उसळतं, थेट वाकलेल्या चेहऱ्यावर. गरम असताना उघडू नका, अशी सूचना झाकणावरच छापलेली असते. रोज नजरेखालून जाणारी ती ओळ आज एकदा सावकाश वाचा.

तुम्ही इथे का आला आहात, तेही आठवा. कुलंट बदललं, एखादी नळी बदलली, किंवा वॉटर पंप नवा बसवला. तेव्हापासून सकाळी गाडी सुरू केली की डॅशबोर्डच्या मागे खळखळ ऐकू येते. सपाटीवर सगळं ठीक असतं. घाट लागला की काटा चढतो, उतार आला की खाली येतो. मेकॅनिक ऐकून म्हणतो, एअर पकडलीय. त्याचं निदान बहुधा बरोबर असतं. ही हवा नक्की कुठे आहे आणि ती तिथेच का बसली आहे, हे आज तुम्हाला स्वतःच्या डोक्यात स्पष्ट करून घ्यायचं आहे. हातात पाना नंतर.

डोळे मिटा, आणि पाण्याच्या एका थेंबाबरोबर फिरून या. सुरुवात पंपापासून करू. पंपाचं चक्र थेंबाला इंजिनाच्या ब्लॉकमध्ये ढकलतं. सिलिंडरांच्या भोवती पोकळ भिंती आहेत, त्यांतून तो वाट काढतो. भिंतीच्या पलीकडे पेट्रोल जळतं आहे. तिथल्या वायूंचं तापमान क्षणभर २,००० अंशांच्याही वर जातं. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं आहे, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. या दोन आकड्यांच्या मध्ये थोडा वेळ थांबा. धातूची एक भिंत, आणि तिच्या मागून सतत सरकणारं पाणी. हेड शाबूत राहतं ते या सरकण्यामुळे. जळलेल्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता या पाण्यातून बाहेर नेली जाते.

थेंब आता वर चढतो, हेडमध्ये शिरतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या जवळून जातो. ही त्याच्या प्रवासातली सगळ्यात तापलेली जागा. पुढे थर्मोस्टॅटचं दार. बऱ्याच गाड्यांत ते हेडच्या तोंडाशी असतं. त्याच्या आत मेण भरलेलं असतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना ते वितळून फुगतं आणि दार ढकलून उघडतं. तोवर पाणी आतल्या आत फिरत राहतं. दार उघडलं की थेंब वरच्या होजमधून रेडिएटरमध्ये येतो, बारीक नळ्यांतून उतरताना थंड होतो आणि खालच्या होजमधून पंपाकडे परततो. एक फाटा बाजूला जातो, डॅशबोर्डमागच्या हीटरकडे, आणि तिथून फिरून माघारी येतो.

आता हाच फेरा पुन्हा करा, पण या वेळी थेंबाऐवजी बुडबुड्याबरोबर. बुडबुड्याला एकच गोष्ट कळते, वर जाणं. पाणी त्याला पुढे रेटतं आणि तो उंचवटा शोधतो. वाट जिथे चढून मग खाली वळते तिथे तो अडकतो, कारण वळणावरून खाली उतरणं त्याच्या स्वभावात नाही. थर्मोस्टॅटच्या घराचं छत, हीटरचा वरचा कोपरा, वरच्या होजची कमान, रेडिएटरचा माथा. तुमच्या गाडीत यांतली सर्वांत उंच जागा कोणती? बॉनेटखाली पाहा आणि बोटाने दाखवा. कित्येक गाड्यांत ती झाकणाची जागा नसते. म्हणूनच झाकणाच्या काठापर्यंत पाणी दिसतं आणि दोन वीत पलीकडे, थोडं उंचावर, पोकळी बसलेली असते.

त्या पोकळीत काय होतं? एक लिटर पाणी एका अंशाने तापताना जितकी उष्णता घेतं, त्याच्या सुमारे ३,५०० व्या हिश्श्याएवढीच एक लिटर हवा घेते. हेडच्या आतल्या एखाद्या कोनाड्यात हवा अडकली तर तेवढ्या कोनाड्यापुरतं पाण्याचं काम बंद पडतं. बाकी इंजिन सुस्थितीत, आणि तळहाताएवढा तो भाग भाजत असतो. धातू एका ठिकाणी जास्त आणि शेजारी कमी फुगला की हेड वाकतं, गॅस्केट सुटतं. दुरुस्तीचं बिल हजारोंत जातं ते इथून.

हवा पंपापर्यंत पोचली तर प्रकार आणखी बिघडतो. शेतकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. विहिरीवरच्या मोनोब्लॉक पंपाचा फूट व्हॉल्व्ह गळला, नळीतलं पाणी उतरलं आणि पंपात हवा शिरली की मोटर गरगर फिरते, पाणी मात्र टिपूसभर येत नाही. मग वरून बादलीने पाणी ओतून पंप भरून घ्यावा लागतो. गाडीचा पंप त्याच जातीचा आहे. पाती फिरवून पाणी बाहेर फेकायचं, एवढंच त्याला येतं. पाण्याच्या जागी हवा आली तर फेकायला काही उरत नाही.

पंप नव्हता तेव्हाही हीच अट होती. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत, अगदी सुरुवातीच्या काही सोडल्या तर, वॉटर पंपच नसे. तापलेलं पाणी हलकं होऊन वर जाई, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली येई, आणि नुसत्या या वजनाच्या फरकावर सगळा फेरा चाले. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की साखळी तुटे आणि फेरा थांबे. मला ती रचना फार आवडते. अखंडपणा हीच तिची सगळी ताकद, हे तिच्यात उघडं दिसतं. आजच्या गाड्यांत ते नळ्यांच्या गुंत्यात झाकलं गेलं आहे.

आणखी एका गोष्टीवर मन थोडं स्थिर करा: मीटरचा काटा. आपण त्याच्यावर फार विसंबतो. पण काटा सांगतो ते सेन्सरच्या टोकाला जे लागतं त्याचंच तापमान. टोक पाण्यात बुडालेलं असेल तर पाण्याचं. टोकाभोवती हवेचा कप्पा बसला असेल तर त्या हवेचं. आणि हवा उष्णता इतकी हळू पोचवते की इंजिन तापत असताना काटा खुशाल मध्यावर किंवा त्याहून खाली असू शकतो. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांचे काटे मुद्दाम शांत केलेले असतात. तापमान बरंच वरखाली झालं तरी ते मधोमध उभे राहतात, चालकाला उगाच घोर लागू नये म्हणून. ही सोय मला पटत नाही. ज्या काट्याने वेळेवर हलायला हवं, त्याला न हलण्याचं शिक्षण देणं बरं नव्हे.

आता उठा. काम सुरू करू.

गाडीचं नाक वर हवं. घरासमोर चढ असेल तर त्यावर पुढची चाकं वर करून उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. यात युक्ती एवढीच की झाकणाचं तोंड शक्यतो सगळ्यात उंच ठिकाण व्हावं. बुडबुड्याला वर जायचंच आहे. वर कुठे, हे आपण ठरवतो आहोत.

हीटरची कळ लाल बाजूला पूर्ण फिरवा, पंखा अगदी हळू. पुण्या-मुंबईकडच्या कित्येक गाड्यांत ही कळ वर्षानुवर्षं निळ्यावरच असते, आणि ते स्वाभाविकही आहे. पण काही गाड्यांत कळ निळ्यावर असली की हीटरकडे जाणारं पाणी एका व्हॉल्व्हने बंद असतं. तो फाटा बंद ठेवून भरलं तर त्यातली हवा तशीच राहते, आणि कधीतरी महाबळेश्वरच्या थंडीत कुणी हौसेने कळ फिरवली की ती बाहेर पडून फेऱ्यात मिसळते. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. झाकण नीट दाब धरत नसेल तर घाटाच्या माथ्यावर हे चार-पाच अंश महाग पडतात.

आता भरायला घ्या. कंपनीने सांगितलेलं कुलंट, आणि ते तयार मिश्रण नसेल तर त्यात डिस्टिल्ड पाणी. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार आत थर धरतात. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं आणि आतला गंज रोखतं. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कुलंट कशाला, या म्हणण्याला एवढं उत्तर पुरे. धार बारीक ठेवा. भसाभस ओतलेलं पाणी स्वतःबरोबर हवा ओढून नेतं आणि आतल्या हवेची बाहेर येण्याची वाटही अडवतं. थर्मोस्टॅट या वेळी बंद आहे. पण बऱ्याच थर्मोस्टॅटांच्या पट्टीत एक बारीक भोक असतं आणि त्यात एक लहानशी सैल पिन लटकत असते. पाणी भरताना हवा त्या भोकातून निसटते. पंप सुरू झाल्यावर पाण्याच्या रेट्याने पिन ते भोक जवळजवळ मिटवते. बसवताना ती पिन घड्याळातल्या बाराच्या जागी, म्हणजे सगळ्यात वर, ठेवायची. ज्याने ही पिन पहिल्यांदा सुचवली त्याने बुडबुड्याबरोबर तो फेरा नक्की केला असणार.

पातळी काठाशी आली की थांबा. वरचा होज मुठीत धरा, हळू दाबा, हळू सोडा. झाकणाच्या तोंडाकडे लक्ष ठेवा. एक मोठा बुडबुडा येईल, मग दोन लहान. पातळी बोटभर उतरेल. पुन्हा भरा, पुन्हा दाबा. आपण हवा ओढून काढत नाही आहोत, हे हाताला इथे कळतं. हवा हाताने धरता येत नाही, उपसता येत नाही. पाणी तिची जागा घेतं तेव्हा ती आपली आपण निघते. आपण वाट मोकळी ठेवायची आणि पाणी कमी पडू द्यायचं नाही. या कामातला मला सर्वांत समाधानाचा भाग हा आहे, आणि घाईच्या गॅरेजमध्ये नेमका हाच गाळला जातो. मेकॅनिकला त्यासाठी दोष देऊन उपयोग नाही. पाना फिरवल्याचे पैसे देणारं गिऱ्हाईक थांबल्याचे पैसे देत नाही.

तुमच्या गाडीला एअर स्क्रू असेल, थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा हीटरच्या नळीवर, तर तो आता एक-दोन आटे सैल करा. स्क्रू पूर्ण काढू नका. प्लास्टिकचा असेल तर हात आणखी हलका. आधी फुस्स आवाज येईल. मग हवा आणि पाणी मिसळून थुंकल्यासारखं येईल. मग बुडबुडे नसलेली, अखंड, शांत धार. ती काही क्षण वाहू द्या, आणि वाहत असतानाच स्क्रू बसवा. धार थांबल्यावर बसवला तर हवा उलटी आत शिरते.

सांडलेलं कुलंट लगेच पुसा, भरपूर पाणी टाकून जागा धुवा. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. जुनं काढलेलं कुलंट झाकणाच्या कॅनमध्ये ठेवा, गटारात ओतू नका. हे सांगायला मी मध्येच थांबलो, कारण याच्याइतकं महत्त्वाचं या कामात दुसरं फार थोडं आहे.

आता झाकण उघडंच ठेवून इंजिन सुरू करा, आणि चेहरा त्या तोंडापासून लांब ठेवा. ढिली बाही, ओढणी, केस पंख्यापासून दूर. बाजूला उभे राहा आणि पाहत राहा. पहिल्या काही मिनिटांत बारीक बुडबुडे येतील. त्यातली काही अडकलेली हवा आहे, काही पाण्यातच विरघळलेली होती. पाणी तापलं की ती सुटते. थंड पाणी जितकी हवा सामावून घेतं तितकी गरम पाणी घेत नाही. म्हणून कितीही नीट भरलं तरी पहिल्या तापण्यात हे बुडबुडे दिसणारच. घाबरू नका, भरत राहा.

मग एक क्षण येतो त्याची वाट पाहा. वरचा होज इतका वेळ गारच होता. आता बोट लावाल तर तो भराभर तापताना जाणवेल, आणि त्याच वेळी तोंडातली पातळी एकाएकी खाली जाईल, मोठा घोट घेतल्यासारखी. मेण फुगलं, दार उघडलं, पाण्याला रेडिएटरची वाट मिळाली. इथे हाताशी कुलंट तयार हवं. सावकाश भरा. ॲक्सिलरेटर जरासा दाबून मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या आसपास थोडा वेळ ठेवा, सोडा, पुन्हा ठेवा. कोनाड्यात अडून बसलेला बुडबुडा पाण्याच्या वाढलेल्या वेगाने सुटतो.

काही गाड्यांची रीत वेगळी असते. झाकण टाकीवर असतं, किंवा ते लावूनच इंजिन चालवायचं असतं. विजेच्या वॉटर पंपाच्या काही बीएमडब्ल्यू गाड्यांत तर इंजिन बंद ठेवून, ठरलेल्या क्रमाने, नुसता पंप दहा-बारा मिनिटं चालवून हवा काढतात. मोठ्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरच्या मदतीने आधी सगळी व्यवस्था निर्वात करतात आणि मग कुलंट आत ओढून घेतात. इंजिन मध्ये आणि रेडिएटर पुढे असलेल्या गाड्यांत नळ्या लांबच लांब असतात, तिथे ती पद्धतच शहाणपणाची. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जे असेल ते माझ्या सांगण्यापेक्षा वरचढ.

आत जाऊन बसा. हीटरच्या झरोक्यासमोर हात धरा. मे महिन्यात ही शिक्षा वाटेल, तरी धरा. हवा गरम येते आहे का, आणि सारखी गरम येते आहे का? इंजिन तापलेलं असून झरोक्यातून गार किंवा मध्येच गरम, मध्येच गार अशी हवा आली तर हीटरच्या कोपऱ्यात अजून पोकळी आहे. डॅशबोर्डमागे कान द्या. खळखळ थांबली का? रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत, आणि शक्य असेल तर दुसऱ्यांदा तसंच होईपर्यंत, थांबा. बुडबुडे थांबले, पातळी स्थिर झाली, की इंजिन बंद करा. पाणी तोंडाशी उसळत नाही हे पाहून, जाड फडकं धरून झाकण लावा.

एक मोजमाप यात फार उपयोगी पडतं. जुनं कुलंट काढलं तेव्हा ते किती निघालं हे मोजून ठेवायचं, आणि नवं किती आत गेलं तेही. छोट्या गाडीत सगळं मिळून साधारण ४ ते ६ लिटर मावतं. ४ लिटर निघाले आणि ३ च गेले, तर एक लिटर हवा आत आहे. तोंड काठोकाठ भरलेलं दिसलं तरी.

आणि थर्मोस्टॅट काढून टाकू नका. गाडी तापते म्हटलं की तो काढून फेकण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्याने काटा खाली राहतो हे खरं. पण इंजिन कधीच हव्या त्या उबेला येत नाही, पेट्रोल जास्त जळतं, झीज वाढते. आणि हवेचा कप्पा जिथे होता तिथेच राहतो.

उद्या सकाळी, गाडी पुन्हा गार झाल्यावर, परत या आणि पातळी पाहा. रात्री थंड होताना पाणी आकसतं, आणि झाकणातला लहान व्हॉल्व्ह रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतलं कुलंट आत ओढून घेतो. बाटलीतली पातळी अर्ध्या कपाने उतरली असेल तर ती उरलेल्या हवेची जागा भरल्याची खूण आहे. खुणेपर्यंत भरा. परवाही पाहा. दोन-तीन सकाळी पातळी जागची हलली नाही की काम झालं. मग घाट चढायला हरकत नाही.

पण रोज उतरतच राहिली तर? खळखळ दोन दिवसांत परत आली, बुडबुडे कितीही थांबलं तरी थांबत नाहीत, तर एवढ्या वेळात मनात बसलेली समजूत बाजूला ठेवा. ती अडकलेली हवा नाही, रोज नवी येते आहे. आता वाट पाहण्यात अर्थ नाही. उलट प्रत्येक दिवस इंजिनाला महाग पडतो. होजच्या क्लिपा, पंपाखालचे ओले डाग, झाकणाचं रबर तपासा. आणि मेकॅनिकला निळ्या द्रवाची चाचणी करायला सांगा: रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढतात, आणि तो पिवळा पडला तर सिलिंडरमधला जळका वायू गॅस्केट ओलांडून पाण्यात येतो आहे. मग हेड उघडावंच लागेल. तोवर गाडी चालवू नका, गॅरेजपर्यंतही टो करून न्या. द्रव निळाच राहिला आणि गळतीही कुठे दिसली नाही, तर आधी झाकण नवं घ्या. त्याला फारसे पैसे पडत नाहीत, आणि दाब धरण्याचं काम त्याचंच असतं.